प्लाकोतो : सोंगटी न मारता प्रतिस्पर्ध्याला जेरीस आणणारा खेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोबाईलवर अनेक वर्षे बॅकगॅमन हा फासे-सोंगट्यांचा खेळ खेळणाऱ्या एका गृहस्थांनी अथेन्समधील एका कॉफीगृहात दोन म्हाताऱ्यांना तोच पट मांडून काही वेगळेच खेळताना पाहिले. आरंभी पंधराही सोंगट्या एकाच कोपऱ्यात रचलेल्या होत्या, कोणी कोणाची सोंगटी मारून पटाबाहेर काढत नव्हते, आणि पटावर निम्म्याहून अधिक सोंगट्या शिल्लक असताना एका खेळाडूने अचानक हार मान्य करून फासे टाकून दिले. हा खेळ कोणता, त्याचे नियम काय, आणि सोंगटी मारण्याची मजाच नसेल तर लोक त्यात एवढे का रमतात, असे त्यांनी विचारले आहे.

त्यांनी पाहिलेला खेळ प्लाकोतो होय. मी बावीस वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. त्यातील बराच काळ ग्रीक मालकांच्या जहाजांवर गेला, आणि जेवणानंतरच्या तासाभराच्या मोकळ्या वेळात हा खेळ मी प्रथम हरत आणि पुढे कधीमधी जिंकत शिकलो. प्रश्नातील शेवटचा तपशील, म्हणजे अर्ध्यातच डाव सोडून देणे, हा या खेळाचा गाभा आहे. त्यावर मी सवडीने लिहिणार आहे, परंतु त्याआधी नियम नीट समजून घेतले पाहिजेत.

शब्दांसाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही, कारण सारीपाटाची भाषा येथे बहुतांशी चालते. पटावरील प्रत्येक त्रिकोणाला मी घर म्हणेन. एका घरात एकाच रंगाच्या दोन सोंगट्या आल्या म्हणजे जुग झाले, आणि शेवटी पटाबाहेर काढलेली सोंगटी पिकली. पट बॅकगॅमनचाच, चोवीस घरांचा. प्रत्येकाकडे पंधरा सोंगट्या आणि दोघांत मिळून दोन फासे असतात. मांडणी मात्र अगदी साधी आहे. प्रत्येक खेळाडूच्या पंधराही सोंगट्या त्याच्या पहिल्या घरात रचायच्या, आणि एकाचे पहिले घर हेच दुसऱ्याचे चोविसावे घर असते. दोघे एकमेकांविरुद्ध दिशेने चालतात. आपण पहिल्या घरापासून चोविसाव्याकडे जातो, प्रतिस्पर्धी नेमका उलटा येतो. एकोणीस ते चोवीस हा आपला शेवटचा चौक असून पंधराही सोंगट्या तेथे पोहोचल्याशिवाय एकही पिकवता येत नाही. दोन्ही फाशांची दाने शक्य असतील तर खेळलीच पाहिजेत, जोडदान पडले तर तो आकडा चार वेळा खेळायचा, आणि प्रतिस्पर्ध्याच्या दोन किंवा अधिक सोंगट्या असलेल्या घरात पाऊल ठेवता येत नाही. मांडणी सोडली तर येथपर्यंत बॅकगॅमन खेळणाऱ्याला काहीही नवीन नाही.

नवीन आहे ते पुढे. प्रतिस्पर्ध्याची सोंगटी एखाद्या घरात एकटी असेल आणि आपली सोंगटी तेथे पोहोचली, तर आपण तिला मारत नाही, तिच्यावर बसतो. खालची सोंगटी दाबली जाते, आणि वरची उठेपर्यंत तिला हलता येत नाही. प्लाकोतो हे नावच दाबणे, चेपणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आले आहे. बल्गेरियात याच खेळाला तापा, म्हणजे बुच, असे म्हणतात, आणि अरबी मुलखात महबूसा, म्हणजे कैदेत पडलेली. तिन्ही नावे एकाच घटनेची तीन वर्णने आहेत, आणि मला त्यांतले अरबी नाव सर्वांत नेमके वाटते. दाबणारी सोंगटी एकटी असली तरी ते घर दाबणाऱ्याचे पक्के घर ठरते. दाबल्या गेलेल्या पक्षाची दुसरी कोणतीही सोंगटी तेथे येऊ शकत नाही, वरच्या सोंगटीवर बसून सूडही घेता येत नाही. दाबणाऱ्याला मात्र त्या घरात हव्या तितक्या सोंगट्या आणता येतात.

आता मारण्यात आणि दाबण्यात फरक काय, हे पाहू. बॅकगॅमनच्या आरंभी प्रत्येक खेळाडूला सर्व सोंगट्या पिकवण्यासाठी एकूण 167 घरांचे अंतर कापायचे असते. मारलेली सोंगटी पुन्हा आरंभापासून निघते, म्हणजे शिक्षा अंतराच्या रूपाने मिळते, आणि चांगली दाने पडली की ते अंतर भरून निघते. प्लाकोतोमध्ये प्रत्येक सोंगटीला चोवीस घरे चालायची असल्याने एकूण अंतर 360 भरते. दोन फाशांच्या एका दानात, जोडदाने धरून, सरासरी सव्वाआठच्या थोडी आत घरे चालता येतात, त्यामुळे नुसते अंतर कापायलाच प्रत्येकी चव्वेचाळीसच्या आसपास खेळी लागतात. इतक्या लांबच्या वाटेत दाबल्या गेलेल्या सोंगटीचे अंतर एका घरानेही वाढत नाही. ती जिथे आहे तिथेच असते. मात्र फासे थांबत नाहीत. प्रत्येक दान उरलेल्या चौदा सोंगट्यांनाच खेळावे लागते, त्या पुढे जात राहतात, त्यांनी बांधलेली घरे एकामागून एक फुटतात, आणि एक वेळ अशी येते की चांगले दान हीच आपत्ती ठरते. बॅकगॅमनमध्ये मोठे दान कोणाला नको असते? प्लाकोतोमध्ये सहा-सहा पडल्यावर कपाळाला हात लावणारा माणूस मी अनेकदा पाहिला आहे, आणि तो माणूस बहुतेक वेळा मीच होतो.

सहाव्या शतकातील अगाथियासने एका कवितेत रोमन सम्राट झेनोच्या डावाची हकीकत नोंदवून ठेवली आहे. खेळ होता तबुला, ज्यावरून ग्रीक लोक आजही अशा सर्व खेळांना तावली म्हणतात. त्यात तीन फासे असत, आणि सम्राटाला दोन, पाच आणि सहा असे दान पडले. ते खेळण्यासाठी त्याला स्वतःचीच जुगे फोडावी लागली आणि बऱ्याच सोंगट्या एकट्या उघड्या पडल्या. झेनोचा खेळ प्लाकोतो नव्हता. तरीही दान खेळलेच पाहिजे या नियमामुळे स्वतःच्या हाताने स्वतःची मांडणी मोडण्याची ती हतबलता प्लाकोतो खेळणाऱ्याला इतकी ओळखीची आहे की, पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या सम्राटाबद्दल मला नेहमी सहानुभूती वाटते.

सोंगटी कोठे दाबली गेली, याला सर्वाधिक महत्त्व आहे, आणि नवशिक्यांना हेच लवकर उमगत नाही. समजा आपली सोंगटी आपल्याच तिसऱ्या घरात एकटी राहिली आणि प्रतिस्पर्ध्याने ती दाबली. आपले तिसरे घर म्हणजे त्याचे बाविसावे घर. त्याची सोंगटी मुक्कामी पोहोचलेली आहे, तिला उठण्याची घाई नाही, आणि तो बाकीच्या सोंगट्या सावकाश आणून पिकवू शकतो. आपली कैदेतील सोंगटी शेवटच्या चौकात पोहोचत नाही तोपर्यंत आपल्याला एकही पिकवता येत नाही, आणि एकही न पिकवता हरणे म्हणजे दुप्पट हार. याउलट आपली सोंगटी आपल्या बाविसाव्या घरात दाबली गेली, तर दाबणारी सोंगटी नुकतीच तिच्या आरंभातून निघालेली असते. तिला अजून बराच प्रवास करायचा असल्यामुळे आज ना उद्या ती उठणारच. पहिली कैद जन्मठेपेसारखी, दुसरी रात्रीपुरती.

दाबणाऱ्यानेही एक हिशेब ठेवावा. एकोणिसाव्या घरातील कैद आणि तेविसाव्या घरातील कैद सारखी टिकत नाही. सर्व सोंगट्या शेवटच्या चौकात आल्यानंतर सहाचे दान पडले की एकोणिसाव्या घरातील सोंगटी पिकवावीच लागते, इच्छा असो वा नसो. म्हणून तेथील पकड लवकर सुटते. तेविसाव्या घरातील पकड मात्र मागच्या घरांतील सोंगट्या पिकवून होईपर्यंत राखणे तुलनेने सोपे असते. पकड जितकी खोल, तितकी घट्ट.

यानंतर तो नियम, ज्यामुळे अथेन्समधील म्हाताऱ्याने फासे टाकून दिले. आपल्या पहिल्या घरातील शेवटच्या सोंगटीला ग्रीक खेळाडू माना, म्हणजे आई, म्हणतात. ती एकटी उरली असताना प्रतिस्पर्ध्याने दाबली, तर डाव तेथेच संपतो आणि त्याला दोन गुण मिळतात, मग पटावर इतर काहीही स्थिती असो. अपवाद एकच : दाबणाऱ्याच्या स्वतःच्या पहिल्या घरातही अजून सोंगटी असेल, तर खेळ चालू राहतो, कारण त्याचीही आई पकडली जाऊ शकते, आणि दोघांच्याही आया दाबल्या गेल्या तर डाव बरोबरीत सुटतो. काही ठिकाणी या अपवादाचे तपशील थोडे निराळे असतात, त्यामुळे अनोळखी माणसाबरोबर बसताना ही बाब पहिले दान टाकण्यापूर्वी ठरवून घ्यावी. हे लिहिताना मला दोन दर्यावर्दींनी तासभर बोलणे टाकलेले आठवते आहे.

आईचा नियम मला कसा कळला, ते सांगतो. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मी आमच्या मुख्य अभियंत्याची एक सोंगटी माझ्या विसाव्या घरात दाबली होती आणि डाव खिशात असल्याच्या आनंदात होतो. माझ्या पहिल्या घरात दोन सोंगट्या उरल्या होत्या. पडलेल्या दानात त्या दोघींना एकदम बाहेर काढता येत होते, पण त्याच दानात त्याची आणखी एक सोंगटी दाबण्याची संधीही होती, आणि मी लोभाला बळी पडलो. एक सोंगटी मागे एकटी राहिली. त्याची सोंगटी तिच्यापासून सहा घरांवर उभी होती. वाट मोकळी असेल तर सहा घरांवरील लक्ष्य छत्तीसपैकी सतरा दानांत साधते, म्हणजे जवळजवळ निम्मी शक्यता. मी हा हिशेब त्या वेळी केलाच नव्हता. त्याने चार आणि दोन टाकले, सोंगटी शांतपणे माझ्या आईवर ठेवली, आणि कॉफीचा कप उचलला. पटावर त्याच्या दोन सोंगट्या माझ्या कैदेत होत्या. त्यांचा काही उपयोग झाला नाही.

हे अंतराचे गणित प्रत्येक खेळाडूला पाठ असावे. अडथळा नसताना एक घर दूर असलेल्या एकट्या सोंगटीला छत्तीसपैकी अकरा दाने गाठतात, दोन घरांवर बारा, तीनवर चौदा, चारवर आणि पाचवर प्रत्येकी पंधरा, सहावर सतरा. सात घरांवर हा आकडा एकदम सहावर घसरतो, कारण आता एकट्या फाशाने काम होत नाही. त्यामुळे एकटी सोंगटी ठेवावीच लागली, तर ती प्रतिस्पर्ध्याच्या जवळच्या सोंगटीपासून सातपेक्षा कमी अंतरावर ठेवू नये. डावाच्या पहिल्या दोन-तीन खेळींत मात्र ही भीती जवळपास नसते. समजा पहिलेच दान सहा-पाच पडले आणि आपण सहाव्या व सातव्या घरात एकेक सोंगटी आणली. प्रतिस्पर्ध्याचा ढीग आपल्या चोविसाव्या घरात असल्यामुळे सहावे घर त्याच्यापासून अठरा आणि सातवे सतरा घरांवर पडते. सतरा घरे कोणत्याही एका दानात चालता येत नाहीत, आणि अठरा केवळ सहा-सहामध्ये. म्हणून आरंभी धीटपणे सोंगट्या पसराव्यात आणि प्रतिस्पर्ध्याचे स्वार पटाच्या मध्यावर येण्यापूर्वी त्यांची जुगे बांधून घ्यावीत. बॅकगॅमनवरून आलेले खेळाडू येथे नेमके उलटे करतात : आरंभी भितात आणि पुढे, खरा धोका जवळ आल्यावर, बेफिकीर होतात.

घरे कोठे बांधावीत? माझ्या मते चौथ्यापासून नवव्यापर्यंतच्या पट्ट्यात. तेथील घरे एकाच वेळी दोन कामे करतात. प्रतिस्पर्ध्याला त्याच्या मुक्कामाकडे जाताना अडवतात, आणि मागे राहिलेल्या आपल्या सोंगट्यांना उतरण्यासाठी सुरक्षित जागा देतात. पहिले घर सोडून निघणाऱ्या शेवटच्या दोन सोंगट्यांना एकेका फाशाने एकाच खेळीत बाहेर काढता येते, पण त्या एकट्यादुकट्या उघड्यावर पडणार असतील तर संकट केवळ तीन-चार घरे पुढे सरकते. पुढे अंगण तयार असेल तरच घर सोडावे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट सांगतो, जी मला शिकायला काही वर्षे लागली. सलग सहा घरे बांधून भिंत उभी केली की प्रतिस्पर्धी पूर्ण अडकतो, आणि नवशिक्याला वाटते की आपण जिंकलो. पण ज्याला चाल नाही त्याचे दान वाया जाते, आणि वाया गेलेले दान त्याच्या पथ्यावर पडते! त्याची मांडणी जशीच्या तशी राहते, आणि आपल्याला मात्र प्रत्येक दान खेळावेच लागते. भिंत शेवटी आपल्याच हाताने फुटते. म्हणून कैदी हाताशी असताना प्रतिस्पर्ध्याला पूर्ण कोंडू नये. त्याला चालू द्यावे, त्याच्या चांगल्या घरांतून सोंगट्या उचलाव्या लागतील इतकी मोकळीक द्यावी. अशा वेळी मी दोन्ही बाजूंच्या मोकळ्या चाली मोजतो, म्हणजे महत्त्वाची घरे न फोडता प्रत्येकाला किती घरे चालता येतील ते पाहतो. त्याच्याकडे चाळीस घरांची मोकळी चाल असेल, तर त्याला साधारण पाच खेळी मिळाल्या. माझ्याकडे साठ असतील, तर सातहून अधिक. फरक दोन खेळींचा, आणि एवढ्या फरकावर डाव फिरतो. हा खेळ अंतराच्या शर्यतीपेक्षा वेळेच्या शिलकीचा आहे असे मी म्हणतो ते याच कारणाने, आणि प्रश्नातील गोडीचे उत्तरही मला येथेच दिसते. सोंगटी मारल्याचा आनंद क्षणात संपतो. दाबलेली सोंगटी दोघांच्या डोळ्यांसमोर अर्धा-पाऊण तास पडून असते, आणि त्यानंतरची प्रत्येक चाल तिला धरूनच विचारात घ्यावी लागते.

या सर्वांत नशिबाचा वाटा आहेच. परंतु हा खेळ नुसता फाशांचा आहे असे म्हणणाऱ्याने थेसालोनिकीच्या मॅसेडोनिया विद्यापीठात तयार झालेल्या पालामेडीस या संगणक कार्यक्रमाशी काही डाव खेळून पाहावेत. स्वतःशीच असंख्य डाव खेळून तो शिकला आहे. एखादा डाव आपण जिंकू, पण दहा-वीस डावांचा हिशेब मांडला की फाशांना दोष देणे अवघड होते.

ग्रीसमध्ये प्लाकोतो सहसा एकटा खेळला जात नाही. तावलीच्या बैठकीत तीन खेळ आळीपाळीने येतात. पहिला पोर्तेस, म्हणजे दरवाजे, जो बॅकगॅमनचा सख्खा भाऊ आहे. त्यात सोंगट्या मारतात, पण पणाची रक्कम दुप्पट करणारा आकड्यांचा ठोकळा नसतो आणि तिप्पट हारही नसते. दुसरा प्लाकोतो. तिसरा फेवगा, ज्यात दोघे एकाच दिशेने चालतात, मारणे नाही, दाबणे नाही, आणि एकटी सोंगटीसुद्धा घर अडवून धरते. प्रायः पाच किंवा सात गुणांपर्यंत बैठक चालते. मारण्यात तरबेज असणारा दुसऱ्या डावात सापडतो, दाबण्यात तरबेज असणारा तिसऱ्यात, आणि तिन्ही येणारा शेवटी टिकतो. फासे पेल्यात न घोळवता हातानेच टाकतात, आणि सोंगट्या लाकडावर आपटण्याचा आवाज हा खेळाचा भागच मानला जातो. मोबाईलवर ही गोष्ट हरवते.

आकडे पुकारताना ग्रीक खेळाडू अर्धे तुर्की बोलतात. दुहेरी चारला दोर्तिया, हे तुर्की चारावरून. तुर्कस्तानात तर दाने फारसी आकड्यांनीच पुकारली जातात, आणि यक, दू, से, चहार, पंज, शश हे आकडे ऐकताना मराठी माणसाला फारसे परके वाटत नाही, कारण पंजाबमधला पंज आणि हा पंज एकच. सहा-पाचच्या दानाला शेश-बेश म्हणतात, आणि पश्चिम आशियात कित्येक ठिकाणी साऱ्या खेळालाच ते नाव आहे. इराणातील जुन्या पहलवी ग्रंथातील कथा तर भारतापासूनच सुरू होते : हिंदच्या राजाने बुद्धिबळ पाठवून इराणी दरबाराची परीक्षा घेतली, वजीर बुझुर्गमेहराने ते सोडवले आणि उत्तरादाखल नर्द हा फाशांचा खेळ पाठवला, ज्याच्या तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे दिवस. कथा दरबारी थाटाची आहे, इतिहास म्हणून तिच्यावर विसंबू नये. पण दानांनी भाषेत शिरावे ही रीत आपलीही आहे. सारीपाटातील बारा आणि एक या पौबाराच्या दानावरूनच आपण पोबारा करणे म्हणतो. प्लाकोतोमध्ये आई एकटी पडल्यावर नेमका तो करता येत नाही.

शेवटी व्यवहाराचे. वेगळा पट विकत घेण्याची आवश्यकता नाही. घरातला बॅकगॅमनचा पट घ्यावा, दुप्पट करणारा ठोकळा बाजूला ठेवावा, आणि पांढऱ्या पंधरा सोंगट्या एका कोपऱ्यात व काळ्या पंधरा समोरच्या खेळाडूच्या बाजूला त्याच टोकाच्या कोपऱ्यात, समोरासमोर रचाव्यात. दोघे एकेक फासा टाकतात, मोठ्या आकड्याचा पहिला मान, आणि पुढील प्रत्येक डावाची सुरुवात आधीचा डाव जिंकणारा करतो. सोंगट्या सपाट आणि एकमेकींवर स्थिर राहतील अशा असाव्यात, कारण गोलसर कडांच्या सोंगट्यांची चळत घसरते आणि खाली कोण दाबले गेले आहे यावरून वाद होतात. पहिले चार-पाच डाव आईचा नियम बाजूला ठेवून खेळण्याचा सल्ला काही जण देतात. मी तो देणार नाही. त्या नियमाशिवाय शेवटच्या दोन सोंगट्या मागे ठेवण्याची सवय लागत नाही, आणि एकदा चुकीची सवय जडली की ती मोडायला बरीच दुप्पट हार सोसावी लागते.